बावखलातली माती

राजोडीतील आमच्या आजीचे घर गेल्या उन्हाळ्यात पाडावे लागले. भिंती कुडाच्या होत्या. कारवीच्या काठ्यांवर माती, पेंढा आणि शेण यांचा लेप. जोत्याची माती घरामागच्या बावखलातून काढली होती, असे आजी सांगत असे. माती घरात आली आणि खड्ड्यात पावसाचे गोडे पाणी साठले. त्या पाण्यावर तीन पिढ्यांनी केळी आणि पानवेली पोसल्या. जमिनीकडून घेतलेल्या ऋणाची अशी आपोआप परतफेड झाली होती. “सगळा राडारोडा त्या बावखलात लोटू, तेवढीच जागा मोकळी होईल,” असे घर पाडायला आलेल्या ठेकेदाराने सुचवले, तेव्हा मात्र आम्ही विचारात पडलो.

त्या घरात माती कोठे नव्हती? चूल मातीची, भाकरीचे खापर मातीचे. रांजणाच्या अंगातून पाणी पाझरे, वाऱ्यावर सुके आणि आतले पाणी गार होई. वर मंगळुरी कौले होती. बासेल मिशनच्या मिशनऱ्यांनी १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे सबंध पश्चिम किनारा त्या लाल कौलांनी शाकारला गेला.

मातीची थोरवी सांगणारी एक जागा आमच्या शेजारीच आहे. नालासोपाऱ्याचा विटांचा बौद्ध स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये उकरला. आतल्या दगडी पेटीत तांब्याचा करंडा निघाला. त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंड्यात जपल्या होत्या त्या मातीच्या भांड्याच्या तेरा बारीक खापऱ्या! बुद्धाच्या भिक्षापात्राचे ते तुकडे मानले जातात. शतकानुशतके भूमीत राहूनही त्यांची पुन्हा माती झाली नाही.

भाजलेल्या मातीचा हा स्वभावच आहे. सुमारे ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे चिकणमातीच्या कणांत बांधलेले पाणी निघून जाते. मग ती कितीही भिजवली तरी मऊ होत नाही. यिर्मया संदेष्ट्याला हे ठाऊक होते. त्याच्या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात कुंभार बिघडलेले ओले भांडे मोडून नवे घडवतो. एकोणिसाव्यात भाजलेली सुरई फोडली जाते, ती पुन्हा सांधता येत नाही.

म्हणूनच वीट उचलताना हात थोडा अडखळावा, असे आम्हांला वाटते. वसई, भिवंडी, वाडा या तालुक्यांत पावसाळा सरला की वीटभट्ट्या लागतात. भाताला पोसणारी वरची माती एकदा भट्टीत गेली की शेताला परत मिळत नाही. ती कालवणारे आणि साच्यात थापणारे हात बहुधा कातकऱ्यांचे व इतर आदिवासींचे. आगाऊ उचल घेऊन कुटुंबच्या कुटुंब भट्टीवरच्या भोंग्यात राहायला येते. उचल फिटेपर्यंत राबते आणि मुलांची शाळा सुटते. विधायक संसद या संस्थेने या मुलांसाठी भट्ट्यांवरच भोंगाशाळा चालवल्या. आपल्या भिंतींना प्लास्टर आणि रंग चढला की त्यामागचे शेत दिसत नाही, ते हातही दिसत नाहीत.

नव्या घराला आम्हीही विटा घेतल्याच. आता कूड बांधणारी माणसे उरली नाहीत आणि घरच्यांना पक्की भिंत हवी होती. ट्रक आला तेव्हा आम्ही चालकाला विचारले, “माती कुठल्या शेतातली?” तो हसला. “काका, हे आजवर कुणी विचारलं नाही,” म्हणाला.

बावखल मात्र आम्ही बुजू दिले नाही. धाकट्या भावाची नाराजी ओढवली. तेवढ्या जागेत दोन खोल्या निघाल्या असत्या, हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. धड कौले शेजाऱ्याने गोठ्यासाठी नेली, फुटकी नव्या जोत्याच्या भरावात गेली. भिंतींची माती आम्ही घमेल्यांनी वाहून माडांच्या आळ्यांत पसरली. पहिल्या पावसात ती विरघळली. आठवडाभरात भिंत कोणती आणि वाडी कोणती, हे ओळखू येईना. बावखल काठोकाठ भरले होते.