गाण्याआधीचं बोलणं

रनाळ्यात कुणी मला म्हणालं, ‘लोकगीतांचं काहीतरी ऐकायला पाठवा ना ताई,’ की मी आधी विचारते, ऐकणार कधी? पथारीवर मिरच्या निवडताना, भाकरी थापताना, की स्टेशनावरून सुरतेकडे निघालेल्या गाडीत? पथारीवर तिखटाच्या हातांनी फोनला शिवता येत नाही. तिथे तीन-तीन मिनिटांची सुटी गाणी कामाची नसतात, एकदा लावला की तासभर चालेल असा भाग लागतो. गाडीत नंदुरबार सोडलं की रेंज येते-जाते, म्हणून तो घरूनच उतरवून घ्यावा लागतो. आणि स्वयंपाकघरात फोडणीच्या आवाजावर उठून ऐकू येईल असं काही हवं. तिथे पावरी या वाद्याची लांब, दमदार फुंक टिकते, हलक्या आवाजातली ओवी बुडून जाते.

लोकसंगीतावरचे पॉडकास्ट शोधणं, ऐकणं आणि ज्याचं त्याला पोहोचवणं हे माझं गेल्या काही वर्षांचं काम आहे. त्यातूनच आमच्या भागातलं थोडंथोडं ध्वनिमुद्रणही करू लागले. या सगळ्यात माझं एक मत पक्कं होत गेलं. गाणं हवंच, पण गाण्याआधी आणि गाण्यानंतर गाणारी बाई किंवा बुवा जे बोलतात, तेही तितक्याच जपणुकीनं ठेवायला हवं.

कानबाईच्या रात्रीचं घ्या. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई बसते. भाऊबंदकी एका घरात जमते, रोट होतात, रात्रभर जागरण असतं आणि सोमवारी सकाळी कानबाई नदीला निघते. जागरणात गाणं एकदम सुरू होत नाही. ज्या आजीला सगळ्यात जास्त गाणी येतात तीच आधी ‘माले काय येस!’ म्हणून अंग चोरते. मग दुसरी एखादी सुरुवात करते आणि चुकते, तशी आजी पुढे सरकते. कडवं कोणतं आधी यावर वाद होतो. सून म्हणते, माझ्या माहेरी हे नाव असं घेत नाहीत. तिचं माहेर शिरपूरकडचं, म्हणजे तापीच्या पलीकडचं. या दहा मिनिटांच्या गोंधळात मला कळतं, की हे गाणं कुणाकडून आलं, कोणत्या गावातून कोणत्या गावात गेलं, कुणी त्यात भर घातली. स्टुडिओत ही दहा मिनिटं पहिल्यांदा कापली जातात. अहिराणी गाण्यांवर आज डीजेच्या तालात शेकडो चाली निघतात, लग्नाच्या वरातीत पोरं त्यावर मनापासून नाचतात, आणि तो आनंद खरा आहे. पण त्या चालीवरून गाणं कुणाच्या ओट्यावरचं ते सांगता येत नाही. पॉडकास्टला मात्र वेळेची कात्री नाही. म्हणून लोकगीतासाठी मला हे माध्यम सगळ्यात योग्य वाटतं.

आठवड्याला एक भाग, एक बोलणारा आणि नेमाने ऐकणारे, ही रीत आमच्या मुलखाला नवी नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिलं. २१ फेब्रुवारीला सुरुवात झाली आणि १९ जूनला अठरावं प्रवचन झालं. ऐकायला कैदी होते आणि त्यांच्यातच बसून साने गुरुजी भराभर लिहून घेत होते. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक वाचताना आजही समोर माणसं बसल्याचं जाणवतं, ते त्यामुळे. हेच साने गुरुजी त्याआधी अमळनेरला शिक्षक होते, आणि अमळनेर आमच्याच रेल्वेमार्गावर. बायकांच्या तोंडच्या ओव्या जमवून त्यांनी ‘स्त्री जीवन’ सिद्ध केलं. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या ओठांवरची गाणी मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरातल्या माणसांनी कागदावर उतरवली, म्हणून १९५२ साली ती छापली गेली. खानदेशानं आवाज जपला तो असा, लिहून. शब्द राहिले. चाल, दम, मध्येच आलेलं हसू हे कागदावर येत नाही.

ते आता ठेवता येतं, आणि ते कसं ठेवावं हे मी दुसऱ्यांचं ऐकून शिकले. जात्यावरच्या ओव्यांचं काम तर प्रत्येकानं ऐकावं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी १९८०च्या दशकात ते सुरू केलं. महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. पुढे बर्नार्ड बेल यांनी शंभरावर तासांचं ध्वनिमुद्रण केलं आणि २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळानं त्या ओव्या इंटरनेटवर आणल्या. पॉडकास्ट म्हणून ते केलेलं नाही, पण ओवीसोबत गाणारीचं नाव, गाव, वय, तिचं बोलणं असं सगळं तिथे असतं. परभणीच्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवलं होतं. बंगालमध्ये मौसुमी भौमिक आणि सुकांत मजुमदार ‘द ट्रॅव्हलिंग आर्काइव्ह’ नावानं २००३ पासून सीमेच्या दोन्ही बाजूंची गाणी मुद्रित करत आहेत. त्यांच्या ध्वनिमुद्रणात पाऊस, नावाडी, शेजारचं पोर, सगळं राहू दिलेलं असतं. इंग्लंडमधला ‘फोक ऑन फूट’ हा पॉडकास्ट गायकाला त्याच्या गाण्यातल्या डोंगरावर, किनाऱ्यावर चालत नेतो आणि तिथेच गायला लावतो. इंग्रजी फारसं न कळणाऱ्या आमच्या एका काकांना तो आवडतो. वारा कळतो म्हणतात.

आणि अ‍ॅलन लोमॅक्स. या माणसानं आयुष्यभर अमेरिकेत आणि बाहेर फिरून गाणी मुद्रित केली. त्याच्या संग्रहातून ‘बीन ऑल अराउंड धिस वर्ल्ड’ हा पॉडकास्ट निघाला आहे. त्याची एक हकिगत मी नव्या ऐकणाऱ्याला हमखास सांगते. १९५९ साली मिसिसिपीच्या पार्चमन तुरुंगात कैदी लाकूड फोडता फोडता गात होते. लोमॅक्सनं ते गाणं घेतलं आणि पुढे कोण गात होता ते नावही टिपून ठेवलं : जेम्स कार्टर. चाळीस वर्षांनी, २०००च्या सुमारास, ते गाणं एका हॉलिवूडच्या चित्रपटात वापरलं गेलं. त्या चित्रपटातल्या गाण्यांची तबकडी लाखांनी खपली. मग शोध सुरू झाला आणि शिकागोत कार्टर सापडले, म्हातारे झालेले, ते गाणं आपण गायल्याचं विसरून गेलेले. त्यांच्या हातात वीस हजार डॉलरचा धनादेश पडला. कुऱ्हाडींच्या आवाजात, ऊन डोक्यावर असताना, कुणीतरी एक नाव लिहून ठेवलं होतं, म्हणून हे घडलं. आमच्या गावांतल्या किती सुंदर ध्वनिमुद्रणांवर ‘ट्रॅक ०१’ एवढंच लिहिलेलं असतं, ते पाहून माझा जीव तुटतो.

शोधायचं कसं, हे मला सारखं विचारतात. पॉडकास्टचं एखादं मोठं अ‍ॅप उघडून ‘लोकसंगीत’ लिहिलं तर चित्रपटातली लावणी आधी येते. म्हणून मी विधीच्या, वाद्याच्या, गावाच्या नावानं शोधते, आणि लिहिण्याच्या सगळ्या तऱ्हा करून पाहते. अहिराणी, अहिरानी, ऐराणी. कानबाई, कानुबाई. खानदेशात गुलाबाई, विदर्भात भुलाबाई. पावरी, पावरा, बारेला. टिमली शोधली की गुजरात आणि मध्य प्रदेशातला भिल्ल मुलूखही उघडतो, कारण तो ताल राज्यांच्या हद्दी पाळत नाही. पण खरी सापडणूक माणसाकडून होते. एखाद्या भागात एखाद्या अभ्यासकाचं नाव येतं, त्या नावामागे गेलं की तीन नवे भाग हाती लागतात. सापडलेलं सगळं मी वहीत लिहिते. २०२४ साली गूगलनं आपलं पॉडकास्टचं अ‍ॅप बंद केलं तेव्हा अनेकांच्या याद्या तिथेच राहिल्या. वहीतल्या यादीला काही झालं नाही.

पाठवणं हे मी शोधण्याहून अवघड समजते. नुसता दुवा टाकला की तो कुणी उघडत नाही. फाइल पाठवली आणि ती पुढे पुढे गेली, की नाव गळून पडतं. म्हणून मी दोनच ओळी लिहिते : कोण गातं, कुठलं, आणि कितव्या मिनिटाला थांबून ऐकायचं. ‘बाराव्या मिनिटानंतर आजी सांगतात की हे गाणं त्यांनी सासूकडून घेतलं’ असं लिहिलं की माणूस तिथपर्यंत पोहोचतोच. आणि एकाच वेळी सगळ्यांना पाठवत नाही. ज्याच्या घरी झोका बांधला जातो त्याला आखाजीआधी, म्हणजे अक्षय्य तृतीयेआधी, आखाजीची गाणी, ज्याची मुलगी गुलाबाई मांडते तिला भाद्रपदात.

वर सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, अजून मेमरी कार्डावर गाणी भरून घेतात. तिथे दुव्याचा उपयोग नाही, फाइल हलकी हवी. बोलणं आणि साधं गाणं एका चॅनेलवर ६४ किलोबिटला ठेवलं तर मिनिटाला जेमतेम अर्धा एमबी लागतो, अर्ध्या तासाचा भाग पंधरा एमबीच्या आत बसतो. होळीच्या ढोलाला मात्र हे चालत नाही. काठीच्या होळीत पहाटे मोठे ढोल घुमतात तेव्हा आवाज फाटू नये म्हणून लांब उभं राहून, मोठ्या फाइलीतच घ्यावं लागतं. फोन कधीच जमिनीवर ठेवू नये, नाचणाऱ्यांच्या पायांचा धक्का त्यात उतरतो. घडी केलेल्या गोधडीवर ठेवावा, विमान मोड लावावा, पंखा बंद करायला सांगावा. सगळं झाल्यावर एक मिनिट नुसतं अंगण मुद्रित करावं, जोड द्यायला ते लागतं. गुलाबाईत खिरापत ओळखण्याआधी मुली डबा हलवून दाखवतात. तो आवाज मी कधीच काढून टाकत नाही. आत शेंगदाणे आहेत की फुटाणे, हे ऐकणाऱ्यालाही ओळखता यायला हवं.

परवानगीचा विषय मात्र घाईनं उरकता येत नाही. वाहरू सोनवणे आमच्याच नंदुरबार जिल्ह्यातले कवी, त्यांच्या ‘गोधड’मधली ‘स्टेज’ ही कविता मी मुद्रणाला बाहेर पडण्याआधी अनेकदा आठवते. ज्यांचं दुःख त्यांना खाली बसवून दुसरेच वर उभे राहून बोलतात, हे त्या कवितेनं नेमकं दाखवलं आहे. माझ्या हातात माइक असतो, म्हणून तो प्रश्न मला लागू होतो. मुद्रण झालं की मी तिथेच ते परत ऐकवते. गाणारी म्हणाली हे ठेवा, ते राहतं. म्हणाली पुसा, तिच्यासमोर पुसते. काही गाणी देवाच्या कामाची असतात, ती त्या रात्रीपुरतीच. काही बायकांना गाणं चालतं पण नाव नको असतं. नाव लिहून ठेवावं हा माझा आग्रह इथे मागे घ्यावा लागतो. मग फक्त गाव लिहिते आणि ‘नाव गाणारीच्या इच्छेनं दिलेलं नाही’ अशी ओळ घालते.

सध्या एका पावरी वाजवणाऱ्या आबांचा भाग तयार आहे. दुधी भोपळ्याची पावरी ते स्वतः बांधतात, आणि भागाचा निम्मा वेळ ते भोपळा कसा निवडायचा, कधी तोडायचा, किती वाळवायचा हेच सांगतात. वाजवणं त्यानंतर येतं. त्यांची अट अशी, की पहिल्यांदा तो त्यांच्या पाड्यावरच्या पोरांच्या कार्डात भरावा, पोरांनी ऐकावा, आणि मगच बाहेर कुणाला द्यावा. पोरांचा निरोप यायचा आहे. तोवर भाग माझ्याकडेच आहे.