त्रेपन्नाचे पस्तीस

जुलै अर्धा सरला की माझ्या वर्गाच्या दारात पालक दिसायला लागतात. आत येत नाहीत. चौकटीला टेकून उभे राहतात, हातात पोराची वही. वहीत काही नाही म्हणून आलेत हे मला लांबूनच कळतं. "बाई, महिना झाला, अजून अ-आ-इ-ई पुरं नाही. शेजारचं पोरगं एबीसीडी लिहून दाखवतंय की." हे शेजारचं पोरगं माझ्या नोकरीतला कायमचा विद्यार्थी. चोवीस वर्षांत एकदाही भेटलं नाही, पण त्याची प्रगती मला तोंडपाठ आहे.

मी सातारा जिल्ह्यात, उसाच्या पट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. चोवीसपैकी सतरा वर्षं पहिलीवर. जूनमध्ये वर्गवाटप सुरू झालं की पहिलीच्या नावाला सगळ्यांच्या माना खाली जातात. रडणारी, चड्डीत करणारी, पाटीवरून मारामारी करणारी तीस पोरं कुणाला हवीत? मी मात्र मागून घेते. माणूस वाचायला लागतो तो क्षण दुसऱ्या कुठल्याच वर्गात बघायला मिळत नाही.

त्या दारातल्या पालकांना मी इतकंच सांगते की पहिलीत जे घडतं त्यातलं बरंचसं वहीत उमटत नाही, आणि जे उमटतं ते बहुधा चुकलेलं दिसतं. ते खोडायच्या आधी वाचा.

एक कागद मी जपून ठेवला आहे. ऑगस्टमधला. त्यावर लिहिलंय : 'म ममकड गलत'. घरी वडिलांनी त्यावर लाल पेनानं काट मारली आणि खाली 'मी मामाकडे गेलो होतो' दहा वेळा लिहून घेतलं. दहाही ओळी सुबक. मला मात्र वरची काट मारलेली ओळ हवी होती. मोठ्यानं म्हणून बघा. 'मी मामाकडं गेलतो.' म, म, म, क, ड, ग, ल, त. एकही व्यंजन गळलेलं नाही, एकही मागंपुढं झालेलं नाही. बोललेलं वाक्य कानानं फोडून त्यातला एकेक आवाज त्या पोरानं क्रमानं कागदावर ठेवला होता, कुणी न सांगता. राहिले होते फक्त स्वर. ते राहणारच. आपल्या लिपीत स्वर कधी डोक्यावर बसतो, कधी पायाशी, कधी मागं. पहिली वेलांटी तर कहरच. 'कि'मध्ये तोंड आधी क म्हणतं, मग इ. हाताला मात्र आधी वेलांटी काढावी लागते. सहा वर्षांच्या पोराला हा उलटा व्यवहार पटत नाही आणि मला त्याचं पटतं. त्या दहा सुबक ओळींत पोरानं काय केलं? वरचं बघून खाली उतरवलं. चित्र काढल्यासारखं.

अ-आ-इ-ईचं म्हणाल तर आम्ही त्या ओळीनं जातच नाही. वर्णमालेची मांडणी देखणी आहे, आवाज कंठातून निघून ओठांपर्यंत कसे येतात त्या हिशेबानं लावलेली. पण ती भाषा येणाऱ्यांनी भाषेकडं बघून केलेली मांडणी आहे. ङ आणि ञ पहिलीतल्या पोराच्या काय उपयोगाचे? त्याला पहिल्या काही आठवड्यांतच काहीतरी खरोखर वाचता आलं पाहिजे. म, क, ल, ब आणि एक काना एवढं भांडवल घेतलं तरी मामा, काका, मका, काम, बाक, लाल असे शब्द वाचता येतात, आणि मग पोर थांबत नाही. अक्षरांचे छोटे गट घेऊन लगेच वाचायला लावायचं हे आमच्याच जिल्ह्यात, फलटणला, मॅक्सिन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेत वर्षानुवर्षं चाललेलं काम आहे. बालभारतीची पुस्तकंही आता वर्णमालेच्या क्रमानं जात नाहीत.

घरी शिकवून पाठवलेल्या पोरांची वेगळीच गंमत. एक मुलगी जूनमध्येच सगळी अक्षरं 'येऊन' आली. फळ्यावर मी 'मगर' लिहिलं. तिनं बोट ठेवत म्हटलं, "मक्याचा म, गवताचा ग, रथाचा र." शाब्बास. मग काय झालं? तिनं फळ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि ठामपणे म्हणाली, "गवत." मका, गवत आणि रथ डोक्यात घेऊन मगरीपर्यंत कोण पोचणार? त्या मक्या-गवतातून तिला बाहेर काढायला मला दसरा उजाडला.

आकडे उलटे काढणं हीही नेहमीची तक्रार. ३ आणि ६ पोरं सर्रास अदलाबदल करतात. यात आजार वगैरे शोधू नका. बैल डावीकडं तोंड करून उभा असो की उजवीकडं, तो बैलच असतो, हे पोरानं सहा वर्षं अनुभवलंय. आता अचानक आपण सांगतो की ह्याचं तोंड फिरवलं तर तीनाचे सहा होतात. सवय व्हायला वेळ लागतो. दुसरी संपत आली तरी फार होत असेल, वाचनही अडत असेल, तर मात्र जरूर बोलू.

आणि आता त्रेपन्न.

मी म्हणते, "त्रेपन्न लिहा." वर्गातली निम्मी पोरं ३५ लिहितात. पालक डोक्याला हात लावतात. मला विचाराल तर ती पोरं कान देऊन ऐकणारी आहेत. त्रेपन्न म्हणताना आधी काय ऐकू येतं? त्रे, म्हणजे तीन. मग पन्न, म्हणजे पन्नास. ऐकलं त्या क्रमानं लिहिलं : आधी ३, मग ५. मराठी एकक आधी बोलते आणि दशक आधी लिहिते, हा आपला घोळ आहे, त्यांचा नाही. कोल्हापूरच्या पलीकडं थोडं उतरलं की कन्नड सुरू होतं. तिथं एकवीसला इप्पत्तोंदु म्हणतात, म्हणजे वीस-एक. बोलायचं तसंच लिहायचं. आपल्याकडं शिवाय 'एकोण'चा खाक्या. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. तीस ऐकून पोर ३ लिहितं, एक ऐकून १ लिहितं, किंवा 'नऊ असतो' एवढं आठवून ३९ लिहितं. एकोणीस, एकोणतीस करत एकोणनव्वदपर्यंत नीट चालतं, आणि नव्व्याण्णवला गडी अचानक नियम मोडतो. दोनाची सोंगं बघा : बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बहात्तर, ब्याऐंशी. आपण हे सगळं पाठांतरानं गिळलं, म्हणून आपल्याला ते सोपं वाटतं.

२०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'पन्नास तीन' अशी वाचनाची जोड दिली. जुनी नावं काढली नव्हती, शेजारी नवी ठेवली होती. त्यावर काय गदारोळ झाला ते आठवत असेल. विधानसभेत गाजलं, मोबाइलवर विनोद फिरले, मराठीवर घाला आला म्हणून अग्रलेख झाले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे समजावत राहिल्या की ही जोडाक्षरांनी भरलेली नावं लहान मुलांना अडतात, म्हणून पर्याय दिला आहे. मला त्यांचं म्हणणं तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं. विनोद करणाऱ्यांपैकी कुणी पहिलीच्या वर्गात बसून 'त्रेपन्न लिहा' म्हणून बघितलं असेल असं वाटत नाही.

माझ्यापुरता उपाय खराट्याच्या काड्यांचा. दहा काड्यांना रबर लावलं की दशक. पाच गठ्ठे डावीकडं, तीन सुट्ट्या उजवीकडं. पोर आधी हातानं पाच गठ्ठे उचलतं, "पन्नास" म्हणतं, मग "आणि तीन" म्हणतं, मग "त्रेपन्न". आठ-पंधरा दिवस हाच खेळ. या पंधरा दिवसांत वही कोरी असते. याच पंधरा दिवसांत पालक दारात येतात.

एक गोष्ट जन्मतारखेची. ३१ डिसेंबरला सहा वर्षं पुरी होणारं मूल आपल्याकडं त्या जूनमध्ये पहिलीत येऊ शकतं. म्हणजे जानेवारीत जन्मलेलं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात जन्मलेलं, दोघं एका बाकावर. सहा वर्षांच्या आयुष्यात अकरा महिने म्हणजे केवढी मोठी तफावत! एकाच्या मनगटात पेन्सिल पेलायचं बळ आलेलं असतं, दुसऱ्याच्या मनगटातली हाडंसुद्धा अजून पुरती घडलेली नसतात. डिसेंबरवाल्याला 'ढ' ठरवायची घाई करू नका. त्याला लिहायला बसवण्यापेक्षा शेंगा फोडू द्या, वाटाणे सोलू द्या, कणकेचा गोळा मळू द्या. त्यातून मिळेल ते बळ सुलेखनाच्या वहीतून मिळणार नाही. त्यात याच वर्षी पुढचे दात पडतात. माझ्या वर्गात दिवाळीच्या सुमाराला अर्ध्या पोरांचा 'स' गळालेला असतो आणि मी शुद्ध वाचन ऐकायचं सोडून दिलेलं असतं.

प्रगतीपुस्तकाबद्दलही बोलू. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. पहिली-दुसरीला सत्तर टक्के भार वर्षभराच्या आकारिक मूल्यमापनाचा, तीसच टक्के सत्राअखेरच्या संकलितचा. म्हणजे पोर रोज काय बोलतं, काय करतं, कसं खेळतं, याचं वजन परीक्षेच्या दुपटीहून जास्त. नंबर नाही, श्रेणी असते. तरी पालक विचारतातच, "वर्गात कितवा?" आणि आम्हीही धुतल्या तांदळाचे नाही. वर्णनात्मक नोंदींच्या तयार पुस्तिका दुकानात मिळतात, त्यातल्या 'कविता तालासुरात म्हणतो', 'वर्ग स्वच्छ ठेवतो' अशा ओळी एकेका पोराच्या नावापुढं चिकटवल्या जातात. मीही चिकटवल्यात. प्रगतीपुस्तक हातात पडलं की श्रेणी बघून मिटू नका, बाईंना विचारा, "ही नोंद तुम्ही कशावरून केली?" बाई गडबडल्या तर काय समजायचं ते समजा.

कायद्याचं थोडक्यात. शिक्षणहक्क कायद्यात मुलाला मारायला बंदी आहे, मानसिक छळालाही. "बाई, हाणा पण शिकवा" ही सवलत तुम्ही मला देऊ शकत नाही. प्रवेशासाठी मुलाची परीक्षा घेता येत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत. सहीपुरते येऊ नका. २०२५ मध्ये एप्रिल ते जून पहिलीला हिंदी असावी की नसावी यावर अख्खा महाराष्ट्र बोलला, शेवटी शासननिर्णय मागं घेतले गेले. तो वाद व्हायलाच हवा होता. पण पहिलीत मराठी कशी शिकतात हे विचारायला त्या तीन महिन्यांत कुणी वर्गात आलं नाही.

पहिलीचं मूल येताना आपली मराठी घेऊन येतं, हे माझ्या ध्यानात यायला बरीच वर्षं गेली.

दिवाळी झाली, गाळप हंगाम सुरू झाला की आमच्या शिवारात कोयते येतात. बीड, नगरकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या. कारखान्याच्या कडेनं कोप्या पडतात आणि माझ्या पटावर चार-सहा पोरं वाढतात. मार्च-एप्रिलला कारखान्याचा पट्टा पडला की जातात. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यातलं एक पोर माझ्या वर्गात होतं. पाटी दाखवायला आलं आणि म्हणालं, "बाई, मपलं बघा." मी म्हटलं, "मपलं नाही रे, माझं म्हण." पोरं हसली. तो 'माझं' म्हणाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा 'मपलं', पुन्हा मी तेच. तिसऱ्या दिवसापासून त्यानं पाटी दाखवणंच सोडलं. मार्चपर्यंत तो रोज आला, खिचडी खाऊन, धाकट्या बहिणीसाठी डब्यात थोडी घेऊन गेला, आणि माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मी हजेरीत त्याच्यापुढं 'उपस्थित' लिहीत राहिले.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, असाच एक दिवाळीनंतर आलेला. फळ्यावर 'माझे घर' लिहिलं होतं. तो पुढं आला, 'माझे'खाली बोट ठेवलं आणि खणखणीत वाचलं, "मपलं घर." वर्ग हसला. या वेळी मी विचारलं, "यात झ कुठाय रे?" त्यानं बरोबर झ वर बोट ठेवलं. "मग झ दिसतोय, तरी मपलं कसं म्हणलास?"

माझ्या अडाणीपणाची कीव आल्यासारखा तो म्हणाला, "बाई, ते लिव्हायचं तसं आसतं. म्हनायचं मपलं."

मी खडू घेतला आणि 'माझे'च्या खाली 'मपलं' लिहिलं. मागच्या बाकावरून आमच्याच गावातली एक पोरगी ओरडली, "बाई, आमच्यात 'माजं' म्हणत्यात. ते बी लिवा की."

फळ्यावर एकाखाली एक तीन शब्द झाले.