शिळं पाणी

रेडिएटर वर गरम आणि खाली गार लागला की आत गाळ बसलाय. खाली गरम आणि वर गार लागला की हवा अडकलीये. एवढं कळायला मीटर लागत नाही, तळहात पुरतो. इंग्लंडमधल्या घरांचं हीटिंग सांभाळायच्या धंद्यात पडलो तेव्हा आधी हे शिकलो. दुसरी गोष्ट मात्र मराठी घरात वाढलेल्या माणसाला पचायला जड गेली. या नळ्यांमधलं पाणी जितकं शिळं, तितकं चांगलं.

नळाच्या ताज्या पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो. रेडिएटर पोलादी पत्र्याचे, त्यामुळे पाणी भरल्या भरल्या गंजायला सुरुवात होते. पण चक्र बंद असेल तर प्राणवायू लवकरच संपतो आणि गंज मंदावतो. मग तेच पाणी वर्षानुवर्षं बॉयलरपासून रेडिएटरपर्यंत फिरत राहतं. म्हणून कुठल्याही घरी मी पहिल्यांदा कपभर पाणी काढून रंग बघतो. तांबूस असेल तर हवा अजून कुठून तरी आत शिरतेय. काळं असेल तर मॅग्नेटाइट, म्हणजे काजळाइतकी बारीक लोखंडी भुकटी. पाण्याच्या पाचपट जड, त्यामुळे प्रवाह मंदावला की तळाशी बसते. ती तयार होताना हायड्रोजनही सुटतो. रेडिएटरची किल्ली फिरवून आपण जी ‘हवा’ सोडतो, ती कित्येकदा हवा नसतेच. जुने फिटर तिला काडी लावून बघायचे. मी लावत नाही, तुम्हीही लावू नका.

स्लाउला एका काकूंच्या घरी असंच काळं पाणी निघालं. खालचे रेडिएटर अर्धे गार, पंप कुरकुरतोय.

“काकू, पाणी कितीदा भरता?”

“दर शनिवारी. प्रेशर पडतं ना रे! तुझे काका दाखवून गेलेत, ती खालची नळी उघडायची, काटा दीडवर आला की बंद. ताजं पाणी गेलेलं बरंच की.”

घराबाहेर जाऊन बघितलं. बॉयलरमागच्या भिंतीतून तांब्याची एक आखूड नळी बाहेर येते, तिच्या तोंडाखालची वीट ओली होती. तिथेच निम्मं निदान झालं. पाणी तापलं की फुगतं. त्या फुगवट्याला जागा द्यायला बॉयलरमध्ये एक्स्पान्शन व्हेसल असतं: मधे रबराचा पडदा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला दाबलेली हवा. ती हवा निघून गेली की पाण्याला फुगायला जागा राहत नाही. काटा 3 बारपर्यंत चढतो, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि जास्तीचं पाणी भिंतीबाहेर जातं. रात्री सगळं निवलं की काटा शून्याजवळ. मग शनिवारी ताजं पाणी, म्हणजे ताजा प्राणवायू, म्हणजे ताजा गंज. काकू जे निगुतीनं करत होत्या, त्यानंच रेडिएटर आतून खाल्ले जात होते.

व्हेसलच्या व्हॉल्व्हची पिन दाबली. तिथून पाणी आलं असतं तर पडदा फाटलेला. काहीच आलं नाही, म्हणजे नुसती हवा गेलेली. सिस्टिममधलं प्रेशर उतरवलं आणि पायपंपानं हवा भरली. (गॅसचं काम मात्र गॅस सेफ रजिस्टरवर नाव असलेल्यानंच करायचं, हा इथला कायदा आहे. यूट्यूब बघून बॉयलर उघडणारे पुष्कळ भेटतात.)

मग रेडिएटर उतरवायचे. यातलं कौशल्य पाण्यात कमी, गालिच्यात जास्त. लॉकशील्ड, म्हणजे रेडिएटरच्या एका टोकाचा व्हॉल्व्ह, बंद करताना आटे मोजून पाइपावरच्या टेपवर लिहून ठेवायचे. परत बसवताना तेवढेच उघडायचे, नाहीतर घरभर उष्णतेची वाटणी बिघडते. नटाखाली रंगाचा ट्रे, त्याखाली जुने टॉवेल. रेडिएटर रिकामा झालासा वाटतो, पण तळाचा गाळ निघत नाही. म्हणून दोन्ही तोंडांना बूच मारायचं आणि मगच बाहेर न्यायचा. एक थेंब क्रीम रंगाच्या गालिच्यावर पडला तर तो डाग निघत नाही. अंगणात होज लावून रबरी हातोड्यानं ठोकत राहायचं, पाणी नितळ येईपर्यंत. शेवटी गंज रोखणाऱ्या इनहिबिटरची बाटली आणि परतीच्या पाइपावर चुंबकाचा फिल्टर. तो दरवर्षी उघडून पुसायचा.

हल्ली गिऱ्हाईक फोनवरच सांगतं, पॉवर फ्लश करा. मशीन लावून जोरात पाणी फिरवलं की गाळ निघतो, खरं आहे. पण पत्रा आतून खाऊन कागदाएवढा उरला असेल तर त्याच्या भोकात बूच म्हणून गाळच बसलेला असतो. मी आधी तळाची कड चाचपतो. बुडबुड्यांसारखा रंग उचललेला दिसला की स्पष्ट सांगतो, धुण्याचे पैसे वाचवा आणि नवा रेडिएटर घ्या. काकूंकडे असा एक निघाला, न्हाणीघरातला. तो बदलला, बाकीचे धुतले. पाणी भरायची नळी कामानंतर सोडवून ठेवायचा नियमच आहे. ती सोडवली आणि काकूंच्या हातात दिली.

“आता काटा खाली आला तर भरू नका, मला फोन करा.”

“आणि शनिवारी?”

“शनिवारी काही नाही.”

त्यांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही.