पहिल्या रविवारची घरघर

काळाचौकीतल्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत प्रायव्हसी नावाची भानगडच नाही. त्यामुळे महिन्याच्या पहिल्या रविवारी, रात्री बारा सत्तावन्नला माझा जुना पीसी घरघरायला लागला, की अख्खं घर जागं! 'बंद कर गं तो खटारा,' आई पांघरुणातूनच ओरडायची.

खटाऱ्यात लिनक्स आणि दोन हार्ड डिस्क. एकीवर जे, तेच दुसरीवर. एक गेली तरी दुसरी आहेच. याला म्हणतात रेड. बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी १९८८मध्ये हे नाव रूढ केलं. माझ्या डिस्कवर होते आबा, माझे आजोबा. गिरणी कामगार, १९८२चा संप अंगावर घेतलेले. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी त्यांच्याशी मारलेल्या नऊ तासांच्या गप्पा. नंतर आबा गेले.

ती घरघर म्हणजे डिस्कची तपासणी. डेबियन लिनक्समध्ये कित्येक वर्षं तिची हीच वेळ ठरलेली होती. दोन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायच्या. एकीवरची जागा वाचता आली नाही, तर दुसरीवरून तेवढा मजकूर आणून पुन्हा लिहायचा. चाळीतल्यासारखंच. साखर संपली, शेजारणीकडून वाटीभर आणली. फक्त शेजारीण घरात हवी!

आईची झोप मोडते म्हणून मी तपासणी बंद करून टाकली. स्मार्ट ना? दीड वर्षानं एक डिस्क बसली. नो टेन्शन, नवी आणली, कॉपी लावली... आणि ती मधेच अडकली. उरलेल्या डिस्कवरही काही जागा कधीच्या खराब झाल्या होत्या. ती फाइल कुणी उघडलीच नव्हती, मग कळणार कसं? आता साखर मागायला शेजारीणच नव्हती.

बाकी सगळं वाचलं. अकरा मिनिटं गेली. संपात आजीनं मंगळसूत्र गहाण टाकलं, तो किस्सा. आईला तो पाठ आहे, सांगतेही छान. पण सांगताना मधेच थांबून खाकरणारे आबा त्यात नाहीत.

तुमच्याकडेही असेल असं काहीतरी. दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी अकरा मिनिटं देऊन शिकले. तिसरी कॉपी आता दादरला मावशीकडे आहे. आणि तपासणी पुन्हा सुरू केलीय.

गेल्या पहिल्या रविवारी घरघर सुरू झाली. मी दचकून आईकडे पाहिलं. ती कूस बदलत पुटपुटली, 'असू दे. आबांचा डॉक्टर आलाय.'