आधी पंखा बघ, मग पलंग

ठाणे, रविवार

चि. मीनल हिस,


तुझा निरोप आणि दुकानातल्या त्या दुमजली पलंगाचे फोटो मिळाले. ओंकार आणि सई त्याच्या शिडीवर लटकलेली बघून हसू आलं. मुलांनी पलंग पसंत केलाय, दुकानदार दिवाळीची सवलत देतोय आणि अजितरावही ‘घेऊन टाकू’ म्हणतायत, हे सगळं कळलं. तरी पैसे भरण्याआधी हे पत्र वाच. माझी सगळी नोकरी लोकांच्या घरांचे नकाशे काढण्यात गेली, तेवढा हक्क मला आहे.

तुमची खोली दहा फूट बाय नऊ फूट. अशा खोलीत लोक आधी पलंग ठरवतात आणि उरलेल्या जागेत मुलांना कोंबतात. माझं म्हणणं उलट आहे. आधी पंखा, दार आणि कपाट बघायचं, मधली जमीन राखायची आणि मग पलंगाला जागा द्यायची. लहानपणी गिरगावात आम्हा भावंडांना पलंग नव्हतेच, वळकट्या होत्या. सकाळी त्या गुंडाळल्या की खोली दिवसभर आमची. मुलं पलंगावर झोपतात फक्त रात्री. पत्ते, भांडणं, चित्रं, अभ्यास, सगळं जमिनीवरच चालतं.

आता पंख्याचा हिशोब कर. तुमचा स्लॅब साडेनऊ फुटांवर असेल. दांडी धरून पाती आली साधारण साडेआठ फुटांवर. वरच्या पलंगाची गादी पाच फुटांवर येते. ओंकार नुसता बसला तरी त्याचं डोकं सव्वासात फुटांच्या वर जातं, आणि बनियन काढायला हात वर केले की थेट पात्यांपर्यंत. पंखा चार फुटी, म्हणजे मधल्या हुकापासून दोन्हीकडे दोन-दोन फूट. खोलीची रुंदी नऊ, तेव्हा भिंतीपासून अडीच फुटांवर पातं फिरणार. पलंग मात्र तीन फूट रुंद. म्हणजे लांब भिंतीला लावलास तर पलंगाची सहा इंच कड पात्याखाली येते. दुकानात छत उंच असतं आणि पंखा लांब असतो, म्हणून हे तिथे लक्षात येत नाही. पंखा काढून भिंतीवरचा लावता येईल, पण एप्रिल-मेच्या उकाड्यात खालच्या पलंगावर सईला वारा पोचणार नाही.

दुसरं म्हणजे वय. सहा वर्षांखालच्या मुलाला वरच्या पलंगावर झोपवू नये, असं अमेरिकेतला ग्राहक-सुरक्षा आयोग सांगतो. तू म्हणशील, वर ओंकार झोपेल, तो नऊ वर्षांचा आहे. पण चार वर्षांची सई दुपारी वर चढणार नाही असं छातीवर हात ठेवून सांगशील का? शिवाय ओंकारला रात्री ताप आला तर शिडीवर उभं राहून पट्ट्या कुणी ठेवायच्या? चादर बदलतानाही तुझीच कंबर जाणार.

खालून ओढून काढायचा पलंगही तू विचारला होतास. तो दिसायला सुटसुटीत असतो, पण रोज रात्री तीन फूट जमीन रिकामी करावी लागते आणि तेवढ्यात कपाटाचं दार अडतं. माझा खरा आक्षेप वेगळा आहे. त्यात धाकटं कायम खाली आणि पातळ गादीवर. सई आज काही बोलणार नाही, पण अजून दोन वर्षांनी रोज रात्री हाच वाद ऐकशील. एका खोलीतल्या भावंडांना पलंग सारख्याच उंचीचे हवेत.

म्हणून माझा नकाशा असा. दोन बुटके, साधे पलंग काटकोनात. पहिला खिडकीच्या नऊ फुटी भिंतीला, कोपऱ्यात. त्याची लांबी सव्वासहा फूट, म्हणजे खिडकीशी पावणेतीन फूट उरतात; तिथे अभ्यासाचं टेबल. दुसरा दहा फुटी भिंतीला, पहिल्याला लागून. तीन आणि सव्वासहा मिळून सव्वानऊ, म्हणजे दहा फुटांत बसतो. उलटं केलंस, तर सव्वानऊ नऊ फुटांत मावणार नाहीत, आणि सुतार हे पलंग करून झाल्यावरच सांगेल. मधे सहा बाय सात फूट जमीन राहते. समोरच्या भिंतीचं कपाट त्यातले दोन फूट खाईल, तरी मुलांना पत्ते मांडायला भरपूर.

उश्या कोपऱ्याकडे ठेवू नकोस, दूरच्या टोकांना ठेव. ओंकार उशिरापर्यंत वाचतो, त्याचा दिवा सईच्या डोळ्यांवर येणार नाही, आणि कुजबुजही लवकर थांबेल. प्रत्येकाच्या उशाशी हाताला येईल असं एक फळकूट ठोकून घे. त्याला दुसऱ्याने हात लावायचा नाही, हा घरचा कायदा. खिडकीखाली पलंग आला की सई त्यावर चढून बाहेर डोकावणार, तेव्हा ग्रील पक्की आहे ना ते आधी बघ. बाहेरच्या भिंतीपासून पलंग दोन-तीन इंच सोड, नाहीतर पावसाळ्यात ओल गादीत उतरते.

आणखी एक. ओंकार चार-पाच वर्षांत मोठा होईल, बहिणीसोबत खोलीत राहायला लाजेल. तेव्हा सुटे पलंग असले की एक बाहेरच्या खोलीत दिवाण म्हणून जाईल. सगळ्याच दुमजली पलंगांचं तसं करता येत नाही.

खडूने जमिनीवर दोन्ही पलंग आखून बघ. दार आणि कपाट उघडून बघ, मुलांना त्या रेघांत आडवं करून बघ. दुकानदाराला मात्र स्पष्ट ‘नको’ कळव.

तुझी,
शैलामावशी

ता. क. : तयार गादी ७२, ७५ आणि ७८ इंच लांबीत मिळते. आधी गादी घे आणि तिचं माप सुताराच्या हातात दे.