मागे पाणी पडते आहे का?

स्मरणिकेसाठी लेख मागण्यात आला तेव्हा आम्हा दोघा भावांना प्रथम आठवले ते वसतिगृहाच्या विहिरीवरील किर्लोस्करचे इंजिन. सकाळची वंदना आटोपली की ते सुरू करण्याची पाळी ठरलेली असे. टाकीतील डिझेल संपून नळीत हवा शिरली की इंजिन बंद पडे. मग पंप पाहणारे काका आम्हांला फिल्टरवरील स्क्रू सैल करायला लावीत आणि बुडबुडे थांबून नितळ डिझेल येईपर्यंत तो आवळू देत नसत. हवा दाबली जाते, डिझेल जवळजवळ दाबले जात नाही. नळीत बुडबुडा राहिला तर पंपाचा जोर त्यातच जिरतो व इंजेक्टर उघडत नाही, हे विज्ञानाच्या तासाआधी आम्हांला विहिरीवर कळले.

आमचे घर हिंदमाताच्या मागील चाळीत. वडील भाऊच्या धक्क्यावरून उरणच्या मोरा बंदराला जाणाऱ्या लाँचवर इंजिन ड्रायव्हर होते. उन्हाळी सुट्टीत ते आम्हांला इंजिनघरात नेत. तेथील उष्मा आणि तेलकट वास आजही अंगावर येतो. इंजिन सुरू करण्यापूर्वी ते डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवीत. ऑइल दुधाळ दिसले तर आत पाणी मिसळले, असे समजायचे. डिझेल फिल्टरच्या तळाचे पाणी काढायचे. समुद्राचे पाणी आत घेणारा कॉक उघडायचा आणि त्याची गाळणी साफ करायची. इंजिन लागताच एकाने नाळीकडून मागे धावायचे. धुरासोबत पाणी पडताना दिसले की समुद्राचे पाणी इंजिनाला थंड करीत आहे, एवढी खात्री होई. वडील रोज तेच विचारीत, "मागे पाणी पडतंय का?" धूर काळा असेल तर ओझे जास्त किंवा हवा कमी, निळा असेल तर ऑइल जळते. (रस्त्यावरील ट्रकचा धूर पाहून त्याची प्रकृती सांगण्याची आमची खोड घरच्यांना मुळीच आवडत नाही.)

एका सकाळी गाळणी न उघडताच आम्ही "साफ केली" असे सांगितले. धाकट्याला झोप अनावर झाली होती, थोरल्याला चहा हवा होता. याहून मोठे कारण नव्हते. धक्का सोडला तेव्हा पाणी पडत होते. खाडीच्या मध्यावर तापमानाचा काटा चढू लागला, मागचे पाणी थांबले. वडिलांनी इंजिन बंद केले. भरतीचा ओढ मोठ्या जहाजांच्या वाटेकडे होता. सारंगांनी नांगर टाकावयास लावला. वर प्रवाशांचा गलका वाढला, लहान मुले रडू लागली. गाळणीत प्लास्टिकची पिशवी गच्च बसली होती आणि कोरडा फिरून पंपातील रबरी इंपेलर फाटला होता. वडिलांनी कॉक बंद केला, चटके सोसत झाकण काढले, फाटलेल्या पात्यांचे तुकडे एकेक मोजून बाहेर काढले. एखादा पुढे नळीत राहिला असता तर नवा इंपेलरही व्यर्थ गेला असता. सुटा इंपेलर त्यांच्या पेटीत होता.

सारंगांनी विचारले तेव्हा वडील म्हणाले, "गाळणी बघायची राहिली माझ्याकडून." मालकाने त्यांची दोन दिवसांची मजुरी कापली. घरी त्यांनी आम्हांला एक शब्दही विचारला नाही. आम्हीही खरे सांगितले नाही. वसतिगृहात परतल्यावर पत्रात लिहिले. उत्तरात त्या विषयाचा उल्लेख नव्हता.

हिंदमाताला पाणी तुंबणे मुंबईकरांना सांगावयास नको. निवृत्तीनंतरच्या एका जुलैत रस्त्याकडेला पाणी उपसणारा डिझेल पंप चालू होता. गॅलरीत बसलेले वडील एकाएकी म्हणाले, "आवाज हलका झाला. ओढत नाही तो." आम्ही गुडघाभर पाण्यातून गेलो, पंपावरील मुलाला सांगून इंजिन बंद करविले. पाण्यात बुडालेल्या पाइपाच्या जाळीला साड्यांच्या दुकानांतील पिशव्या घट्ट चिकटल्या होत्या. त्या काढल्या, पंप पुन्हा भरला, इंजिन लावले. पाइपाच्या दुसऱ्या टोकाशी नजर जाण्याआधीच वरून हाक आली,

"पडतंय का रे पाणी?"