किल्ले कुणाच्या हाती?

९ जानेवारी, बीदर
बहमनी वजीर महमूद गावानच्या १४७२ च्या मदरशात सकाळ गेली. दर्शनी बाजूला एकच मनोरा शिल्लक आहे, त्यावर रंगीत फरशांचे तुकडे. गावान इराणातल्या गिलानचा, म्हणून दख्खनी सरदारांच्या डोळ्यांत खुपला, असं सगळेच सांगतात. मला ते अपुरं वाटतं. त्याने राज्याच्या चार तर्फांच्या, म्हणजे प्रांतांच्या, आठ केल्या. तरफदाराकडे एकच किल्ला ठेवला. बाकीच्यांवर सुलतानाचे किल्लेदार. काही मुलूख खालसा. हजेरीत जितके शिपाई कमी, तितके पैसे कापले. यात दख्खनी आणि आफाकी, म्हणजे बाहेरून आलेले, असे दोन्ही सरदार भरडले गेले.

१० जानेवारी, अष्टूर
बहमनींच्या कबरी पाहिल्या. अहमदशहा वलीचा घुमट भव्य, आतून रंगवलेला. शेवटच्या सुलतानांच्या कबरी अगदीच लहान. ते बरीद घराण्यातल्या वजिरांच्या मुठीत होते.

दख्खनी सरदारांनी गावानचा काटा काढला तो त्याच्याच शिक्क्याच्या कोऱ्या कागदावर ओरिसाच्या गजपतीला खोटं पत्र लिहून. ५ एप्रिल १४८१ ला कोंडपल्लीच्या छावणीत मुहम्मदशहा तिसऱ्याने सत्तरी ओलांडलेल्या वजिराचं डोकं उडवायला लावलं. मग वऱ्हाडच्या फतेउल्ला इमादुल्मुल्कने सुलतानापासून दूर तळ ठोकला. हा जन्माने कानडी ब्राह्मण, गटाने दख्खनी. गावानच्या आफाकी गटातला नव्हेच. पण वजिराची ही गत, तर आपली काय, हा हिशेब त्यालाही कळला. निष्ठा गटाला नव्हती, आपापल्या तर्फेला होती.

१४ जानेवारी, जुन्नर
शिवनेरी चढलो. दौलताबादचं बळ कमी व्हावं म्हणून गावानने जुन्नरची वेगळी तर्फ काढली. तीच पुढे गावानविरोधी दख्खन्यांचा म्होरक्या मलिक हसन याच्या मुलाच्या, अहमदच्या, हाती आली. १४८६ मध्ये बाप बीदरमध्ये मारला गेला. १४९० च्या सुमारास अहमदने इथूनच निजामशाही उभी केली. तर्फ लहान केली तरी किल्ला आणि फौज एकाच हातात राहिली, की राज्य निघायला तेवढं पुरतं.

१५ जानेवारी, जुन्नर
तरीही बीदरचं सिंहासन कुणी मोडलं नाही. विजापूरची स्वतःच्या नावाची नाणी थेट तिथल्या आदिलशाहीचा संस्थापक युसुफ याच्या पणतूपासून, अली आदिलशहापासून मिळतात. सुलतानाचं नाव ठेवायला खर्च नव्हता. वसूल पाठवायला होता, म्हणून तो थांबला.

किल्ल्यांचा हाच प्रश्न पुढे शिवाजी महाराजांनी वेगळा सोडवला: एका गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तिघे नेमले. गड एकट्या कुणाच्या भरवशावर सोडला नाही. गावानने किल्लेदार बदलले, पण तरफदाराची फौज आणि वसूल त्याच्याकडेच ठेवला. महाराजांनी देशमुखांचे वाडे-हुडे पाडले आणि गडावरच्या अधिकाऱ्यांना रोख पगार बांधला. गावानचं औषध बरोबर होतं, मात्रा कमी पडली.